हिरड्या ओळखणाऱ्या शेवंताबाई

डॉक्टर शेवंताबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. नावं तर त्याहून नाही. राहायच्या त्या फक्त हिरड्या. भंडाऱ्याच्या बाजारात कुणी नमस्कार केला की त्या भांबावून त्याच्याकडे पाहायच्या आणि अगदी सहज म्हणायच्या, "हसून दाखवा बरं." समोरचा माणूस संकोचून हसला की लगेच ओळख पटायची. "हो हो, वरची उजवी दाढ! कशी हाय आता?" तो बिचारा बायकोमुलांसमोर उजवी दाढ होऊन उभा राहायचा. एका लग्नात त्यांनी खुद्द नवरदेवाला ओळखलं नाही, पण जेवताना तो हसला तेव्हा पंगतीच्या या टोकावरून ओरडल्या, "अरे, तू तर आपला पेशंट!" नवरीच्या मावशीचा चेहरा मला अजून आठवतो.

माझी त्यांची पहिली भेट झाली ती पितळी भांड्यांच्या दुकानात. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मामेबहिणीच्या लग्नात द्यायला मी पाणी भरायचा पितळी गुंड घेत होते आणि भावावरून दुकानदाराशी रीतसर वाद घालत होते. वाद घालायचा म्हणजे तोंड भरपूर उघडावं लागतं. शेजारी एक उंच, सावळी, तिशीची बाई परात वाजवून पाहत होती. ती परात खाली ठेवून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली.

"खालच्या समोरच्या दातांपाशी रक्त येते ना तुमच्या?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी फणकाऱ्यानं म्हटलं.

"मले काही नाही करायचं. तुम्हालेच करायचं हाय."

एवढ्या वेळात दुकानदारानं संधी साधून गुंड कागदात गुंडाळला आणि माझा वाद तिथंच संपला. मला रागच आला होता. रक्त खरोखरच येत होतं, त्यामुळे तो आणखी वाढला. बाहेर पायरीवर त्यांनी विचारलं, "करता काय तुम्ही?" मी सांगितलं, कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. त्यावर त्या बाईंचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांची हरवलेली बहीणच निघाले. "मायक्रोस्कोप हाय तुमच्याकडे?" माझ्या हिरड्या त्या तेवढ्यापुरत्या साफ विसरल्या.

शेवंताबाई मूळच्या नाकाडोंगरीच्या. वडील खाणीत कामाला होते. छप्पन सालानंतर घर बौद्ध झालं तेव्हा त्या लहान होत्या, आणि वडिलांनी एकच ध्यास घेतला, पोरगी डॉक्टर झाली पाहिजे. कसली डॉक्टर ते त्यांना ठाऊक नव्हतं. पोरीला नागपुरात दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा ते थोडे खट्टू झाले होते म्हणे. "बाकीचं अंग कोण पाहील?" असं त्यांनी विचारलं होतं. शिकून त्या परत जिल्ह्यात आल्या आणि भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात, मागच्या बाजूच्या एका खोलीत, पायानं वरखाली होणाऱ्या आणि मध्येच अडकणाऱ्या खुर्चीपाशी त्यांचं राज्य सुरू झालं.

त्या मुद्दाम गावच्या बोलीत बोलत. दवाखान्यातले इतर डॉक्टर रोग्यांशी पुस्तकी बोलायचे, निदान तसा प्रयत्न करायचे. शेवंताबाईंना कुणीतरी सुचवलं की डॉक्टरनं जरा शुद्ध बोलावं. त्या म्हणाल्या, "रोग्याच्या तोंडात मी बोट घालून राहिली. निदान त्याच्या कानात तरी त्याचीच भाषा जाऊ द्या ना जी." पुढे कुणी सुचवलं नाही.

दातांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं, हे मला फार गमतीचं वाटायचं. दाताच्या डॉक्टरनं दाताला तुच्छ लेखावं! "दात म्हणजे नुसता खांब. खांब कशात उभा हाय, ते कोणी पाहत नाही." त्यांचा सगळा जीव हिरडीत. त्यांच्याकडे एक बोथट टोकाची बारीक सळई होती. ती दाताच्या कडेनं हलकेच फिरवायची आणि थांबून पाहायचं, रक्ताचा ठिपका येतो का. आला की सूज आहे, नाही आला की ठीक. "माणूस खोटं बोलते. 'रोज दोनदा घासतो' म्हणते. पण हिरडी खोटं नाही बोलत," हे त्यांचं आवडतं वाक्य होतं. दिवसातून कितीदा ऐकावं लागायचं, ते त्यांच्या शिपायाला विचारावं.

मायक्रोस्कोपसाठी प्राचार्यांची परवानगी मिळवणं हे माझ्या वाट्याला आलं. यंत्र प्रयोगशाळेबाहेर जाणार नाही आणि मी समोर बसून राहीन, या बोलीवर ते कबूल झाले. तेव्हापासून आमचे रविवार ठरून गेले. हलणारा दात काढला की त्याला कधी कधी हिरडीचा एखादा तुकडा चिकटून येतो. शेवंताबाई रोग्याला विचारून तो औषधाच्या बाटलीत ठेवायच्या. एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, "ठेव माय. मी घरी नेऊन त्याची भाजी थोडीच करनार हाय?" बाटली एसटीनं नागपूरला त्यांच्या एका वर्गमैत्रिणीकडे जायची. ती तुकड्याचे पातळ काप काढून, रंगवून, काचेवर बसवून परत पाठवायची.

पहिल्या रविवारी त्यांनी मला दोन काचा दाखवल्या. पहिली बऱ्यापैकी निरोगी हिरडीची. गुलाबी पसाऱ्यात इथं तिथं एखादी बारीक रक्तवाहिनी, शांतपणे पडलेली. दुसरी सुजलेल्या हिरडीची. तिच्यात वाहिन्याच वाहिन्या! वेड्यावाकड्या, एकमेकींतून फुटलेल्या, पार वरच्या पापुद्र्याला टेकलेल्या.

"ह्या सगळ्या नव्या," शेवंताबाई म्हणाल्या. "हिरडीत दातावरच्या घाणीनं आग लागली ना, की शरीर मदत पाठवते. मदत रक्तातून येते. हायेत त्या वाटा पुरत नाहीत, मग नव्या फुटतात. घाईघाईत झालेलं काम, भिंती कच्च्या. ब्रश लागला की फुटल्याच. आणि लोक घाबरून ब्रश करणं सोडतात!"

मी इतकी वर्षं पोरांना बेडकाच्या पायाच्या पडद्यातलं रक्त दाखवत आले होते. सूज म्हणजे बिघाड, मोडतोड, एवढंच मनात होतं. सुजलेल्या जागी शरीर एवढं बांधकाम काढतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं आणि खरंच सांगते, अंगावर काटा आला. शेवंताबाई माझ्याकडे बघून खूश होऊन हसत होत्या. त्यांच्या स्वतःच्या हिरड्या सुरेख होत्या, हेही मी तेव्हाच पाहिलं. संगतीचा परिणाम.

आता माझ्या मायबद्दल सांगायला हवं. माय राहायची साकोलीजवळच्या एकोडीला, आमच्या धानाच्या शेतावर आणि गुडाखूवर. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाची काळी, चिकट लगदी. बायका ती बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना घासत बसतात. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, रोवणी करून कंबर मोडली की एकदा, कुणी पाहुणी आली की तिच्यासोबत एकदा. घासताना बोलता येत नाही, तरी सगळ्या बोलतात. मायच्या कमरेला डबी कायमची खोचलेली. मी कितीही बोलले तरी ती म्हणायची, "तुह्या कॉलेजात शिकव. माये दात पाह्य, एक थेंब रक्त नाही येत." ते मात्र खरं होतं. माझ्या हिरड्यांतून रक्त यायचं, तिच्या नाही.

धान मळून घरात आलं, बायकांना जरा उसंत मिळाली, तेव्हा मी शेवंताबाईंना एकोडीला घेऊन गेले. शाळेच्या ओसरीत तपासणी ठेवली होती. खालच्या टोलीतल्या, म्हणजे बौद्ध वस्तीतल्या, बायका लगेच येऊन बसल्या. आमच्या मोहल्ल्यातल्या मात्र खांबाआड घुटमळत राहिल्या. डॉक्टरीण तोंडात बोट घालणार, तर ते बोट कुणाचं, हा प्रश्न होता. तो विचारला माझ्याच मायनं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कोनाची वं तू?"

"नाकाडोंगरीच्या खाणीतल्या देवाजी रामटेक्याची," शेवंताबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "आता सांगा मावशी, तोंड उघडता, का पुढचीले बोलावू?"

मायनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग पदर सावरून बाकावर बसली आणि तिनं आ केला. माय बसली म्हटल्यावर मागच्याही पुढे सरकल्या, कारण आमच्या मोहल्ल्यात माय जे करी ते बाकीच्या करत.

हिरड्या पाहून शेवंताबाईंनी ओठ मुडपला. रक्त नव्हतं, पण रंगही नव्हता. फिक्या, राठ, चामड्यासारख्या. आणि डाव्या गालाच्या आत, जिथं माय गुडाखूची गोळी दाबून ठेवायची तिथं, एक पांढरा चट्टा. त्यांनी तो बोटानं चाचपला, पुन्हा चाचपला. मग मायपासून काही लपवलं नाही. "मावशी, हा डाग आज काही करत नाही. पण गुडाखू चालू राहिला तर उद्या हा काय होईल, ते मी नाही सांगू शकत. ह्यातूनच कॅन्सर उठते. बंद केला तर जाऊ शकते. अजून वेळ हाय."

माय घाबरणारी नव्हती, पण ऐकणारी होती. तिनं विचारलं, "बंद केला तं तोंड बरं होईन?"

"होईल. पंधरा दिवसांत तोंड असं साफ वाटेल, तुम्ही मले आशीर्वाद द्याल."

हे वाक्य त्यांना फार महागात पडलं. मायचा स्वभाव असा, की तिनं उपास धरला तर सगळ्या मोहल्ल्यानं धरायचा. तिनं त्याच संध्याकाळी बायकांना गावाबाहेरच्या बोडीवर नेलं. प्रत्येकीनं आपापली डबी पाण्यात भिरकावली आणि काठावर बसून खळखळून चुळा भरल्या. बोडीतले मासे त्या हंगामात मरगळलेले होते, असं आमचा भाऊ पुढे कित्येक दिवस सांगत होता.

पंधरा दिवस झाले असतील-नसतील, एका सकाळी मला दवाखान्यातून निरोप आला, "तुमच्या आई आल्या आहेत, लवकर या." मी धावत गेले. शेवंताबाईंच्या खोलीत एकोडीच्या सात-आठ बायका, पुढे माय, आणि दारात बघ्यांची गर्दी.

"वा वं डॉक्टरीणबाई!" मायचा आवाज फाटकापर्यंत जात होता. "बंद करा मने, बंद करा मने. केला बंद! आता पाह्य." तिनं चूळ भरली आणि बेसिनमध्ये टाकली. पाणी लाल. "गुडाखू घासत होतो तवा एक थेंब नाही दिसला. आता दातून लावलं का रक्त, भाकर चावली का रक्त. तू आमाले बरं कराले आली होती का बिघडवाले?"

"गुडाखूनं रक्त धरून ठेवलं होतं आमचं," दुसरी म्हणाली. "तुयानं सोडाले लावलं तं वाहाले लागलं."

आमची शेजारीण सरूबाई सर्वांत पुढे सरसावली. ती कमी बोलणारी, पण त्या दिवशी तिच्याकडे पुरावा होता. "मी तं चारच दिवस रक्त पाहलं आन् पुना सुरू केला. रक्त बंद! पाह्य ना, लाव तुही सळई."

शेवंताबाईंनी सळई लावली. सगळ्या दाताभोवती फिरवली. एक ठिपका आला नाही. मायच्या हिरडीला नुसती टेकवली तर लाल रेघ उठली. मग त्यांनी सरूबाईचा खालचा दात दोन बोटांत धरून हलवला, तो चांगला डुगडुगत होता. त्यांनी सळई खाली ठेवली. रोग्यासमोर त्या अशा अडलेल्या मी पहिल्यांदाच पाहिल्या. शिपाई, नर्स, शेजारच्या खोलीतले डॉक्टर, सगळे आता त्या काय सांगतात म्हणून थांबले होते. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. ताकद कमी आहे, गोळ्या घ्या, उष्णता आहे, असं काहीही.

"मले मालूम नव्हतं," शेवंताबाई म्हणाल्या. "मी सांगितलं होतं की साफ होईल, आणि रक्त वाढलं. माझं चुकलं. कशानं वाढलं, ते आज मले सांगता नाही येत. मले थोडा वेळ द्या."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठून चालू लागणार आणि बसस्टँडवर पहिली डबी विकत घेणार.

"मालूम नाही मनते," माय शेवटी म्हणाली. "बरं. मालूम करून घे. तवापर्यंत मी नाही घासत. पन लवकर कर वं, दुपारी डोक्सं फाटते मायं."

त्या गेल्यावर शेजारचे डॉक्टर समजावू लागले, की रोग्यांसमोर असं कबूल करायचं नसतं, विश्वास उडतो. शेवंताबाई हात धूत म्हणाल्या, "मग कोणासमोर करू? तोंडं तर त्यांचीच हायेत." पण मला बाहेर सोडायला आल्या तेव्हा त्यांचा आवाज खाली आला होता. "मास्तरीणबाई, बाकीच्यांचं सोड. तुझ्या मायचा तो डाग मले झोपू नाही देत. आज ती परत गुडाखूवर गेली ना, तर दुसऱ्यांदा माझं ऐकणार नाही. आणि काहून ऐकावं तिनं?" त्या दिवसापासून त्या मला अगंतुगं करू लागल्या. भीती मात्र आम्हा दोघींची सारखीच होती.

सरूबाईचा डुगडुगणारा दात त्याच दिवशी निघाला होता, हिरडीच्या तुकड्यासकट. गुडाखू सोडलेल्या एकीचाही एक हलणारा दात काढावा लागला. दोन्ही बाटल्या नागपूरला गेल्या. काचा येईपर्यंत शेवंताबाईंनी हाताला लागेल ते पुस्तक चाळलं, जुन्या प्राध्यापकांना फोन लावले, आणि माझं डोकं खाल्लं. माय तिकडे एकोडीला सगळ्यांचं डोकं खात होती. भावजयीनं निरोप पाठवला, की ताई, एकतर रक्त थांबवा नाहीतर सासूबाईंना तिकडेच ठेवून घ्या.

काचा आल्या तो रविवार मी विसरणार नाही. शेवंताबाईंनी आधी सरूबाईची काच लावली. बराच वेळ पाहिली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली. नंतर मला बसवलं.

सरूबाईच्या हिरडीचा वरचा थर झाडाच्या सालीसारखा जाड झाला होता. त्याखाली सुजेच्या पेशींची दाटी, निळ्या ठिपक्यांची, अगदी खच्चून. म्हणजे आग होतीच. पण एवढ्या आगीला रक्तवाहिन्या किती? हाताच्या बोटांवर मोजाव्या तेवढ्या, त्याही चिमटलेल्या. दुसऱ्या काचेत आग तेवढीच, पण वाहिन्या सगळीकडे फुटलेल्या, भरलेल्या, तरतरीत.

"हिरडी खोटं बोलून राहिली वं," शेवंताबाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. एखाद्या जवळच्या माणसानं फसवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच मान हलवली. "खोटं नाही. गुडाखूनं तिचं तोंड दाबून धरलं हाय. आतून सडते, दात हलते, पण ओरडता नाही येत तिले. ह्या बायकांनी हात काढला आणि ती ओरडली. रक्त म्हणजे ते ओरडणं." मग शिक्षिकेसमोर बसलोय याची आठवण होऊन म्हणाल्या, "दोन तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही, ते मलेही समजते. पण दुसरं काही पटत नाही."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी आणि कॉलेजचा मायक्रोस्कोप एकोडीला निघालो. प्राचार्यांना मी काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. यंत्र गोधडीत गुंडाळून मी मांडीवर घेतलं होतं. साकोलीच्या एसटीत कंडक्टरनं गोधडी पाहून विचारलं, "पोरगा झोपला का? वय काय?" शेवंताबाई म्हणाल्या, "वय माझ्याहून जास्त हाय. पण तिकीट नाही काढत आम्ही त्याचं." कंडक्टर पुढे सरकला, पण साकोलीपर्यंत वळून वळून पाहत होता.

आमच्या अंगणात टेबल मांडलं, खालच्या आरशावर उजेड घेतला आणि बायकांची रांग लागली. सरूबाईनं डोळा लावला आणि दचकून मागे झाली. "हे माया तोंडातलं? बाप्पा! एवढा पसारा?" तिला आपल्या हिरडीचा अभिमानच वाटला. तिनं दोनदा रांग मोडून पाहिलं.

माय सगळ्यात शेवटी आली. तिला काय दिसतंय ते शेवंताबाईंनी सांगितलं, आग कुठली, वाटा कुठल्या. माय एका काचेवरून दुसरीवर, परत पहिलीवर, असं पाहत राहिली. तिची पाठ दुखत असणार, पण उठेना.

"सरीच्या हिरडीत पाट बुजून राहिले," ती शेवटी म्हणाली. "हिच्यात वाहून राहिले."

"बस, एवढंच मावशी! हेच समजाले मले इतके दिवस लागले."

"मंग माये बी वाहून राहिले."

"हो जी. तुमची हिरडी जिवंत झाली हाय. रक्त आधी दिसत नव्हतं, आग मात्र होतीच. आता दातावरचं कीटण मी काढून देतो, रोज नीट दातून करा. आग विझली की ह्या जास्तीच्या वाटा आपोआप कमी होतील."

"किती दिवसांत?"

शेवंताबाईंनी दोन्ही कान पकडले. "ते नाही सांगत. एकदा सांगून पाहलं." अंगणभर बायका हसल्या. माय हसली, आणि तिच्या हिरडीतून रक्त आलं ते तिनं पदरानं पुसलं.

त्या दिवशी ओसरीत बसून त्यांनी एकेकीचं कीटण काढलं. पहिली माय. पुढे त्या दर थोड्या दिवसांनी येत राहिल्या, कधी सुट्टी काढून, कधी नुसत्याच. होळीच्या सुमारास मायचं रक्त थांबलं. सरूबाईनंही डबी टाकली, पण आपली काच तेवढी जपून ठेवायला सांगितली. दुपारच्या तलफेला माय भाजलेला जवस चघळू लागली आणि आल्यागेल्याच्या हातावर चिमूटभर ठेवू लागली. पण दर भेटीत शेवंताबाई तिचा डावा गाल ओढून पाहायच्या आणि एकच शब्द म्हणायच्या, "हाय." कधी "हाय, पण लहान." रक्त थांबल्याचा आनंद त्या शब्दापाशी अडायचा.

उन्हाळ्यात त्यांच्या बदलीचा हुकूम आला, चंद्रपूरकडे. सरकारी नोकरीत बदली ठरलेलीच, तरी मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. रविवार एकटीनं कसे काढायचे, हा माझा स्वार्थी प्रश्न होता. त्या मात्र मायच्या काळजीत. शेवटचं एकोडीला जायचं राहून गेलं होतं. "इकडच्या कोणाले दाखव, पण दाखव," असं मला दहा वेळा बजावून त्या एसटीत चढल्या. ट्रंक टपावर गेली. गाडी सुटायला आली आणि साकोलीकडून आलेल्या बसमधून माय उतरली. डोक्यावर पदर, हातात डबा, घामानं चिंब. ती इतक्या वेगानं चालताना मी कधी पाहिली नव्हती.

शेवंताबाई खिडकीतून ओरडल्या, "मावशी!" आणि कंडक्टर नको नको म्हणत असताना खाली उतरल्या. भर स्टँडवर त्यांनी मायचं तोंड उन्हाकडे वळवलं, बोटानं डावा गाल ताणला आणि वाकून पाहू लागल्या. माणसं थांबून बघायला लागली. एक शेंगदाणेवाला तर टोपली खाली ठेवून माझ्याशेजारी उभा राहिला. कंडक्टरनं घंटी मारली. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"डाग. गेला."

"नीट पाह्य वं. घाई नोको करू."

त्यांनी पुन्हा पाहिलं. बोट फिरवून चाचपलं. उजवा गालही पाहिला, उगाचच. "नाही जी मावशी. काहीच नाही." आणि हिरड्यांशिवाय दुसरं काही लक्षात न ठेवणाऱ्या त्या बाईनं मायच्या तोंडाकडे, डोळ्यांकडे, कपाळावरच्या गोंदणाकडे पाहून घेतलं आणि पदरानं स्वतःचं नाक पुसलं. मी तर केव्हाची रडत होते, लपवण्यात अर्थ नव्हता.

घंटी पुन्हा वाजली. मायनं डबा उघडला. आत अनरसे होते, पहाटे उठून तळलेले. तिनं एक उचलला, सगळ्या स्टँडसमोर आपल्या हातानं शेवंताबाईंच्या तोंडात कोंबला, आणि उरलेला डबा त्यांच्या छातीशी देऊन त्यांना गाडीत ढकललं. अनरसा मोठा होता. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांना खिडकीतून एक शब्द बोलता आला नाही. गाल फुगलेला, डोळे भरलेले, नुसता हात हलत होता. आणि माय धुरातून गाडीमागे चालत ओरडत होती, "सावकाश खाय वं, पोरी! सावकाश खाय!"